तसबिरीखालचं नाव

आपल्या देवळांत नाव लिहायला जागा कधी कमी पडत नाही. पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं असतं, बाकड्याच्या पाठीवर कोरलेलं असतं, पायरीच्या फरशीवर गावासकट असतं आणि थंड पाण्याच्या यंत्रावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी ओळ असते. देणाऱ्याची आठवण ठेवण्याची ही रीत जुनी आहे आणि चांगलीही आहे. भिवंडी तालुक्यातल्या, तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीला येणारा माणूस देवीच्या गोष्टीबरोबर चिमाजी अप्पांचीही गोष्ट ऐकून परततो. वसई पोर्तुगिजांकडून जिंकून घेण्यासाठी त्यांनी देवीला नवस केला, १७३९ साली वसईचा किल्ला हाती आला आणि नवसाच्या फेडीतून हे किल्ल्यासारखं भक्कम देऊळ उभं राहिलं, अशी ती गोष्ट. पावणेतीनशेहून जास्त वर्षं लोटली, तरी नवस बोलणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडून गेलेलं नाही. याच पंचक्रोशीत जेमतेम सत्तर वर्षांपूर्वी झालेलं एक मोठं काम मात्र आज घरोघरी, दुकानोदुकानी बिननावाचं लटकलेलं आहे. ते काम छायाचित्रांचं आहे, म्हणून कदाचित कुणाला ते ‘काम’ वाटतच नसावं.

वज्रेश्वरीला लागून गणेशपुरी आहे. भगवान नित्यानंद आधी वज्रेश्वरीच्या परिसरात राहिले, १९३६च्या सुमारास गणेशपुरीत स्थिरावले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी तिथेच समाधिस्थ झाले. कमरेला लंगोटी, सावळा भरदार देह आणि समोरच्याच्या आरपार जाणारी नजर, असं त्यांचं रूप मुंबई-ठाण्यातल्या ज्यांनी गणेशपुरी पाहिलेली नाही त्यांनाही ओळखीचं आहे. मुंबईतल्या कितीतरी उडुपी हॉटेलांच्या गल्ल्यामागे, टॅक्सीच्या काचेजवळ, देवघरात गणपतीच्या शेजारी ती कृष्णधवल तसबीर असते. यातली बरीचशी छायाचित्रं मुंबईचे छायाचित्रकार एम. डी. सुवर्णा यांनी काढलेली आहेत. सुवर्णा नित्यानंदांचे भक्त होते आणि १९५०च्या दशकात त्यांचा कॅमेरा या सत्पुरुषाभोवती पुन्हापुन्हा फिरला. एका माणसाने एका माणसाचं, एका ठिकाणी, वर्षानुवर्षं केलेलं असं चित्रण आपल्याकडे फार थोडं आहे. तरीही हार घातलेल्या त्या चौकटीच्या खाली सुवर्णांचं नाव सहसा नसतं, सालही नसतं. मला वाटतं, गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या परिसरात या छायाचित्रांचं रीतसर प्रदर्शन व्हावं, पुढे त्याला कायमची जागा मिळावी आणि प्रत्येक तसबिरीखाली काढणाऱ्याचं नाव यावं. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. नाव आणि साल नसलेलं छायाचित्र हळूहळू पुरावा म्हणून मरतं, आणि मग श्रद्धेच्याही फारसं उपयोगी पडत नाही, हे माझं म्हणणं आहे.

संग्रहालयातलं प्रदर्शन छायाचित्राचं नेमकं काय करतं, हे होमाई व्यारावाला यांच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाईबाई १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि पुढची जवळजवळ तीन दशकं वृत्तछायाचित्रकार म्हणून वावरल्या. स्वातंत्र्याचा सोहळा, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंच्या कितीतरी मुद्रा हे सगळं देशाने त्यांच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. सुरुवातीची त्यांची छायाचित्रं मात्र पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात होती. १९७०मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवून दिला, नंतर त्या बडोद्याला राहू लागल्या, आणि त्यांची छायाचित्रं पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांत, कचेऱ्यांच्या भिंतींवर दिसत असताना त्या स्वतः विस्मरणात गेल्या. चित्र होतं, चित्र काढणारी नव्हती. सबीना गडिहोक यांनी त्यांच्यावर अभ्यास करून पुस्तक लिहिलं, २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन भरलं आणि नंतर ते मुंबईतही आलं. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. २०१२च्या जानेवारीत त्या गेल्या. प्रदर्शनाने त्यांच्या छायाचित्रांत एक रेषही वाढवली नव्हती. सुटी सुटी छायाचित्रं एका भिंतीवर सालवार लागली, इतकंच झालं. पण तेवढ्यानेच बघणाऱ्याला कळलं, की स्वतंत्र भारताच्या पहिल्या वीस वर्षांकडे आपण इतके दिवस एका विशिष्ट बाईच्या नजरेने बघत होतो. ती कुठे उभी राहायची, किती जवळ जायची, पुढारी बेसावध होईपर्यंत कशी थांबायची, हे एकेका छायाचित्रातून कळत नाही. चाळीस-पन्नास छायाचित्रं ओळीने पाहिली की कळतं.

नाव हरवलं की काय हरवतं, याचं त्याहून जवळचं उदाहरण गिरगावातलं आहे. नारायण विनायक विरकर या मराठी छायाचित्रकाराने १९१९च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतींची छायाचित्रं घेतली. त्या खुणांकडे बोट दाखवून उभी असलेली माणसं आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात, माहितीपटात, पोस्टरवर पाहिलेली आहेत. विरकरांचं नाव किती जणांनी ऐकलं आहे? ज्या काळात पंजाबात लष्करी कायद्याचा वरवंटा नुकताच फिरून गेला होता, त्या काळात मुंबईचा एक छायाचित्रकार तिथवर जातो आणि भिंतीलाच साक्षीला उभं करतो, हे धाडस होतं. नाव गेलं की ते धाडस गेलं. उरली फक्त भिंत, जणू तिने स्वतःचं छायाचित्र स्वतःच काढून घेतलं. कनू गांधी यांचंही तसंच झालं. गांधीजींच्या आश्रमात वाढलेल्या या तरुणाला घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा मिळाला. फ्लॅश वापरायचा नाही, बापूंना बसायला-उभं राहायला सांगायचं नाही आणि आश्रम या छंदासाठी पैसे देणार नाही, अशा तीन अटींवर त्यांना परवानगी मिळाली. गांधीजींची जी छायाचित्रं आपल्याला घरातल्या माणसासारखी वाटतात, ती या अटींतून आली आहेत. अटी ठाऊक असल्या की त्या छायाचित्रांतला मंद उजेड, पाठमोरे बापू, हललेली कडा यांचा अर्थ लागतो. १९४८च्या जानेवारीत गांधीजींना भेटलेले आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे जगप्रसिद्ध छायाचित्रकार बाहेरून आले होते, कनू गांधी आतले होते. दोघांच्या छायाचित्रांतला फरक म्हणजे पाहुणा आणि घरचा यांच्यातला फरक. पण दोन्ही चित्रांखाली नावं असतील तरच तो कुणाला दिसेल. सुवर्णा यांची जागा कनू गांधींच्या रांगेतली आहे. भक्ताच्या हातातल्या कॅमेऱ्याने एखाद्या अवलियाला कसं पाहिलं, हा आपल्या छायाचित्रणाच्या इतिहासातला स्वतंत्र धडा आहे, आणि तो गणेशपुरीत शिकता येण्यासारखा आहे.

यावर पहिली हरकत येईल ती भक्तांची, आणि ती मी सर्वांत गंभीर मानतो. ही छायाचित्रं सेवा म्हणून काढलेली आहेत, सेवेवर नाव घालायचं नसतं, छायाचित्रकार निमित्तमात्र आणि दर्शन देणारा वेगळाच, असं ते म्हणतील. भावना खरी आहे. पण मराठी भक्तीची स्वतःची रीत काय सांगते? आपल्या संतांनी विठ्ठलापुढे सगळा अभिमान सोडला, तरी अभंगाच्या शेवटी नाममुद्रा ठेवली. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. त्या मुद्रेमुळेच कुठला अभंग कुणाचा हे आपण ओळखतो, नामदेवांची आर्तता आणि जनाबाईंचं जात्यावरचं बोलणं वेगवेगळं ऐकू शकतो, मागाहून कुणी घुसडलेली रचना पारखू शकतो. विनम्रता आणि सही या दोन गोष्टी वारकऱ्यांना कधी परस्परविरोधी वाटल्या नाहीत. चित्रांच्या बाबतीतही तेच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथल्या शिळाछापाच्या लक्ष्मी-सरस्वती लाखो देवघरांत गेल्या. लोक आजही ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ म्हणतात आणि तिला हळदकुंकूही वाहतात. चित्रकाराचं नाव घेतल्याने लक्ष्मी रुसल्याचं ऐकिवात नाही. शिर्डीच्या समाधी मंदिरात १९५४ साली बसवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली, हे भाविक अभिमानाने सांगतात. शिल्पकाराचं नाव सांगताना त्यांची भक्ती उणी होत नाही. मग त्याच दशकात गणेशपुरीत काम करणाऱ्या छायाचित्रकाराचं नाव घेताना ती का उणी व्हावी? सुवर्णांनी कदाचित नाव मागितलं नसेल. नाव न मागणं हा देणाऱ्याचा विनय म्हणता येईल. घेणाऱ्याने मात्र ते विचारलंच नाही, तर त्याला विनय म्हणणं कठीण आहे.

मूर्तिकाराला नाव आणि छायाचित्रकाराला नाही, या भेदामागे खरं तर दुसरीच एक समजूत आहे. मूर्ती हाताने घडते, फोटो यंत्र काढतं. बटण दाबणाऱ्याचं कौतुक किती करायचं? आज खिशातल्या मोबाइलवर मिनिटाला वीस फोटो निघत असताना तर ही समजूत अधिकच पक्की झाली आहे. पण १९५०च्या दशकातला फोटो असा निघत नसे. त्या काळी व्यावसायिकांच्या हाती असलेल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच चित्रं बसत. फिल्म विलायतेहून येई आणि महाग असे. उजेड किती, झडप किती वेळ उघडी ठेवायची, हे डोळ्यांनी अंदाजून ठरवावं लागे आणि चूक झाली की फिल्म धुतल्यावरच कळे. त्यात कोकणपट्टीचं लखलखीत ऊन आणि सावळी कांती, ही जोडी कृष्णधवल फिल्मसाठी अवघडच. उजेड ऊन बघून धरला तर चेहरा काळा पडतो, चेहरा बघून धरला तर मागचं सगळं पांढरं होतं. नित्यानंदांच्या चांगल्या छायाचित्रांत कपाळावरची चमक, डोळ्यांतला ठिपका आणि गालाची सावली तिन्ही जिवंत आहेत. ते बटणाने होत नाही. आधी डोळ्याने आणि मग अंधारखोलीतल्या हाताने होतं. आणखी एक गोष्ट. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात चित्र वरच्या काचेवर दिसतं. छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरतो आणि त्यात बघण्यासाठी मान खाली घालतो. समोरच्यावर कॅमेरा रोखण्याऐवजी त्याच्यापुढे मान लववून चित्र घेण्याची ही पद्धत होती. ज्या पिढीने आपले संत, नेते, आजी-आजोबा चित्रबद्ध केले, त्या पिढीची नजर या वाकण्यातून घडली आहे. प्रदर्शनात एका कपाटात असा एखादा जुना कॅमेरा ठेवला आणि शाळेच्या मुलांना त्याच्या काचेत डोकावू दिलं, तर हे दहा मिनिटांत समजेल.

दुसरी हरकत जरा सूक्ष्म आहे. संग्रहालयात गेलेली वस्तू मरते, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पूजेतली मूर्ती काचेच्या पेटीत गेली की तिच्यापुढे कुणी डोळे मिटत नाही, फक्त तिचं शतक विचारतो. तसबिरीवरचा हार काढला, तिला क्रमांक दिला, की दर्शनाची जागा माहिती घेईल, ही भीती खोटी नाही. पण मूर्ती एकच असते. छायाचित्राच्या प्रती कितीही निघतात. गणेशपुरीतली एकही तसबीर तिच्या जागेवरून हलवण्याची गरज नाही. हार तसाच राहू द्या, उदबत्ती तशीच लागू द्या. प्रदर्शनाने बघण्याची दुसरी एक जागा द्यावी, जिथे चपला काढून उभं राहायचं की चष्मा लावून जवळ जायचं हे बघणाऱ्याने ठरवावं. दोन्ही जागा एकमेकींच्या आड येत नाहीत याचा पुरावा सातारा जिल्ह्यातल्या औंधला आहे. यमाई देवीच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभं केलं. देवीला आलेला शेतकरी वर देवळात नारळ फोडतो आणि वाटेत संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं बघतो, हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प बघतो. इतकं लहान गाव, इतकी मोठी कला आणि वर देवी, हे गणित औंधने ऐंशीहून अधिक वर्षं जमवलं आहे. वज्रेश्वरीही टेकडीवरच आहे, तिलाही यात्रेकरूंची कमी नाही, आणि गरम कुंडांत अंघोळ करून ओल्या केसांनी तास-दोन तास रेंगाळणारी गर्दी तर तिथे बारमाही असते. त्या गर्दीला आज रेंगाळायला खाऊच्या आणि खेळण्यांच्या दुकानांशिवाय फारसं काही नाही.

‘आता सगळं मोबाइलवर आहे, प्रदर्शन कशाला?’ असं विचारणारे बरेच भेटतील. खरं तर मोबाइलवर आहे म्हणूनच प्रदर्शनाची निकड वाढली आहे. नित्यानंदांची छायाचित्रं आज रंगवून, कापून, मागे कमळं आणि तेजोवलयं लावून फिरतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी जुन्या फोटोतल्या माणसाला हसवता येतं, मान वळवायला लावता येते, त्याच्या तोंडी आवाजही घालता येतो. आणखी वीस वर्षांनी एखाद्या मुलाने आजीला विचारलं, ‘हे खरंच असे हसायचे का?’ तर आजी कशावर बोट ठेवणार? मूळ निगेटिव्हपासून काढलेली प्रत, तिच्यावर नाव, साल, जागा, आणि ती कुठे जपलेली आहे याची नोंद, एवढं असेल तरच खऱ्या-खोट्याची पारख होईल. कितीतरी सत्पुरुषांच्या बाबतीत अस्सल फोटो कोणता यावर आज वाद आहेत, कारण वेळेत कुणी नोंद ठेवली नाही. नित्यानंदांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीची आहेत, पण आहेत. अस्सल काय ते ठरवण्याची ही शेवटची संधी आहे, आणि ज्याला या चित्रांतून दर्शन हवं आहे त्यानेच ती आधी साधायला हवी. बनावट रूपापुढे डोळे मिटायला कुठल्या भक्ताला आवडेल?

घाईचं आणखी एक कारण हवेत आहे. कृष्णधवल छायाचित्र म्हणजे कागदावरचं चांदीचं चित्र. चांदीच्या बारीक कणांनी त्यातला काळेपणा बनतो. चांदीचा वैरी गंधक. घरातली चांदीची वाटी गंधकाच्या वाफेने काळवंडते, त्याच रसायनाने फोटो पिवळा पडतो, कडांवर आरशासारखी झाक येते आणि सावल्या पुसट होतात. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं प्रसिद्ध आहेत ती गंधकाच्या वासासाठीच. ज्या गंधकाने त्वचा बरी होते असं यात्रेकरू मानतात, तोच तसबिरीला खातो, असा हा योग आहे. शिवाय चार महिन्यांचा पाऊस, भिंतीची ओल, बुरशी, समईची काजळी आणि काचेला चिकटलेला हळदीकुंकवाचा थर. निगेटिव्हची स्थिती तर आणखी नाजूक. त्या काळची फिल्म ज्या अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर असते, ती उष्ण आणि दमट हवेत पन्नासेक वर्षांत आंबायला लागते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो आणि पट्टी आखडून सुरकुतते. एकदा सुरू झालेली ही क्रिया मागे फिरवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागी फक्त मंद करता येते. १९५०ची फिल्म आज सत्तरीत आहे. म्हणजे ‘बघू पुढे’ म्हणण्याची सोय उरलेली नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे. अशा कामाचं ज्ञान आपल्याच महानगरात, गणेशपुरीपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर उपलब्ध आहे.

आता पैशांचा प्रश्न. ज्या भागात पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होते आणि पाड्यांवर अजूनही पाण्यासाठी पायपीट आहे, तिथे छायाचित्रांचं प्रदर्शन ही चैन नाही का? रस्ता आणि पाणी आधी, यात वाद नाही. मात्र इथे कोट्यवधींची इमारत मागितलेली नाही. मूळ प्रती आणि निगेटिव्ह मुंबईत योग्य हवेत राहाव्यात; इथे त्यांच्या नव्याने काढलेल्या चांगल्या प्रती हव्यात, एक कोरडी खोली, बरे दिवे आणि वाचता येतील अशा अक्षरांतल्या पाट्या. एखाद्या शाळेचं सभागृह, वाचनालयाचा मजला किंवा भक्तनिवासाचा एक कक्ष पुरेल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वाचनाची ओढ असलेल्या लोकांनी उभं केलं. त्या वेळच्या ठाण्यात रस्ते आणि पाणी उत्तम होतं म्हणून नव्हे. दुसरं म्हणजे, भिवंडी तालुक्याला वस्तू जपायला कुणी शिकवायला नको. देशातल्या मोठ्या गोदामांपैकी कितीतरी याच तालुक्यात नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरली आहेत. तिथे साबणाच्या खोक्यालाही पट्टी असते, ती पट्टी वाचली की माल कुठून आला, कधी आला, कुठल्या मांडणीत आहे हे क्षणात कळतं. औषधं ठेवायला थंड खोल्या आहेत. साबणाची एवढी नोंद ठेवणाऱ्या तालुक्यात एका मोठ्या छायाचित्रकाराच्या कामाची यादी नसावी, याला गरिबी हे कारण देता येणार नाही.

हक्कांचा प्रश्न मात्र नीट हाताळावा लागेल. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क पूर्वी ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं टिकत असे; २०१२च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या छायाचित्रांची मुदत उलटून गेली आहे, असं धरून चालता येणार नाही. म्हणून ज्यांच्याकडे हा ठेवा आहे त्यांच्याशी लेखी करार करून, त्यांच्या संमतीनेच पुढे जायला हवं. याच कायद्याचं सत्तावन्नावं कलम सांगतं, की कृतीचा मालकी हक्क विकला गेला तरी ती आपली आहे असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार राहतो. म्हणजे नाव घालणं ही कुणाची मर्जी नाही, कायद्यालाही ते मान्य आहे. आणि नावं घालायची तर एकट्या छायाचित्रकाराचीच का? गर्दीच्या छायाचित्रात कडेला उभा असलेला गडी, स्वयंपाकाच्या चुलीजवळची बाई, कुंडाचा चौथरा बांधणारा गवंडी, उघड्या अंगाची पाड्यावरची मुलं, हे या पंचक्रोशीचे पूर्वज आहेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अशा प्रतींपुढे बसवून ‘हा कोण, ही कोण, मागे दिसतो तो रस्ता आता कुठे’ असं विचारत गेलं, की सत्पुरुषाच्या चित्रसंग्रहातून गावाचा इतिहास निघेल. मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाला हे जमत नाही, कारण तिथे बघणाऱ्याला कडेचा माणूस परका असतो. वज्रेश्वरीत तो कुणाचा तरी आजोबा असेल. याच कारणासाठी हे प्रदर्शन मुंबईच्या दालनाऐवजी इथे, तानसाकाठी व्हायला हवं.

सुरुवात प्रदर्शनापर्यंत थांबवण्याचंही कारण नाही. ज्या दुकानात या तसबिरी विकल्या जातात, ज्या हॉटेलात त्या लागतात, ज्या घरात त्यांना रोज फूल वाहिलं जातं, तिथे आजच एक पट्टी चिकटवता येईल. पंख्याच्या तीन पात्यांवर दात्याचं अख्खं कुटुंब मावतं, तर चौकटीच्या खालच्या कडेला एक ओळ सहज मावेल : ‘छायाचित्र : एम. डी. सुवर्णा, मुंबई’. उदबत्ती लावताना ती ओळ रोज नजरेखालून जाईल, आणि एखाद्या दिवशी घरातलं कुणी तरी लहान मूल विचारेल, हे सुवर्णा कोण? संग्रहालयाची खरी पायाभरणी त्या प्रश्नाने होईल.